फेरतपासणी करून मिळेल

मॅडम, पाळी माझी होती आणि प्रश्न तुम्ही माझ्या सासूला विचारलात.

ह्याला अकरा वर्षं झाली. तुम्हाला आठवणार नाही. तुमच्याकडं दिवसाला साठ-सत्तर बाया येतात, मी त्यातली एक. मला मात्र तुमच्या टेबलावरची कागदाची चकतीसुद्धा आठवते. ती फिरवून तुम्ही आठवडे काढता.

सोमवार होता. दसरा होऊन आठवडा झाला होता. सिस्टरनं दारातून हाक मारली, "बोरजाईवाडीची कोण?" मी उठले, माझ्याबरोबर आत्याबाई उठल्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू, हौसाबाई. तुमच्यासमोर दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीत आत्याबाई बसल्या, दुसरीवर त्यांनी पिशवी ठेवली. मी उभी.

"शेवटची पाळी?" तुम्ही मान वर न करता विचारलंत. मग मान वर केलीत आणि आत्याबाईंकडं बघितलंत.

"नागपंचमीच्या दोन दिस आधी," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या पक्कं ध्यानात हाय. हिला वारुळाला येता आलं न्हाय. बाहीर बसली हुती."

"नियमित येते?"

"घड्याळावाणी."

तुम्ही चकती फिरवलीत. "दहा आठवडे होऊन गेलेत. इतके दिवस काय करत होता?"

"नदर लागू नये म्हणून गप बसलो हुतो, मॅडम. सा वर्सं झाली लग्नाला. औंदा गौराई पावली. गौरी बोळवल्यापास्नं सून बाहीर बसलीच न्हाय. घटसुद्दा हिनंच बसवलं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं ते पुढं सांगते. लपवणार नाही. लपवून काय होतं ते मी बघितलंय.

"त्रास काय आहे?"

"काल डाग दिसला," मी म्हणाले. "गुलाबी. दोनदा."

एवढं एक वाक्य मी त्या दिवशी तुमच्यासमोर बोलले. तुम्ही कागदावर लिहून दिलंत, रक्त द्या, उद्या सोनोग्राफीला या. खाली लॅबमध्ये रक्त घेतलं. काय तपासणार, असं मी विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "बीटा." बीटा म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मंगळवारी तुम्ही मला टेबलावर घेतलंत. पडद्याकडं बघत जीभ टाळ्याला लावून एकदा 'च्' केलंत.

"पिशवी दिसतेय, एवढीशी. आत काही नाही. ठोका नाही." मग तुम्ही रिपोर्ट उचललात. "आणि हा बघा आकडा. चौदाशे बारा. दहा आठवड्यांना पन्नास हजार, लाख असायला पाहिजे. ह्याची वाढ कधीच थांबलीये. रिकामी पिशवी आहे. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी या, साफ करून टाकू."

"मॅडम, थोडे दिवस थांबून बघितलं तर?" मी विचारलं.

"थांबून काय होणार? उगवायचं असतं तर उगवलं असतं. आणि शुक्रवारपासून आठवडाभर मी नाही इथं."

आत्याबाई एकदम खाली बसल्या. खुर्ची होती, तरी फरशीवर बसल्या.

बाहेर सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "मॅडम सांगतात ते ऐक, बाई. आत राहिलं की कुजतं. विष पसरतं अंगात. मागच्या साली एकीनं असाच हट्ट केला, गेली बिचारी."

हे मी नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा उत्तम दुधाचा टँकर चालवतो. माणूस चांगला. त्याचं चांगुलपणच मला नडलं असं आता वाटतं. तो ओरडला असता तर मी भांडले असते. तो चुलीपुढं माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू हाईस तर समदं हाय. पोटातलं पुढं बघू. विष व्हायची वाट बघायची न्हाय."

आत्याबाईंनी सांजच्याला मला एवढंच विचारलं, "काय उचाललंस?"

"काय न्हाय, आत्याबाई."

"कॅन उचाललंस का डेअरीत?"

"न्हाय."

"मग गौराईनं दिल्यालं गेलं कसं? आपलंच कायतरी चुकल्याबिगार आसं हुत न्हाय."

मी भाकरी थापत राहिले. काय चुकलंय ते मला ठाऊक होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. मला वाटत होतं, मला शिक्षा झाली.

गावातल्या दूध संकलन केंद्रात मी फॅट काढायचं काम करते. तेव्हाही करत होते, आजही करते. दहावी नापास झाल्यावर एवढंच हाताला लागलं. लोक किटल्या घेऊन येतात, मी दूध कॅनमध्ये ओतून घेते, बाटलीत नमुना घेते, मशीनला लावते. मशीन आकडा दाखवतं. तो आकडा मी मोठ्यानं वाचते आणि पावतीवर लिहिते.

बुधवारी पहाटे उठून मी कामाला गेले. घरात बसवत नव्हतं. रांगेत तिसरा नंबर खाशाबा तात्यांचा होता. तात्या म्हणजे सत्तरीचा गडी, एक म्हैस आणि दहा माणसांचं तोंड.

"पाच पॉइंट एक," मी वाचलं.

"किती?"

"पाच एक, तात्या."

"म्हस हाय माजी, शाळूचा कडबा खाती. पाच एक? मशीनला चष्मा घाल गं, पोरी."

मागची माणसं हसली. मी म्हणाले, "मशीनला काय कळतंय तात्या, ते दिसतंय ते सांगतं."

"म्हनूनच म्हनतो. परत लाव." त्यांनी काठीनं भिंतीवरचा बोर्ड दाखवला. "वाच की. तुझ्याच हातानं रंगीवलायस."

बोर्डावर लिहिलंय: फॅट अमान्य असल्यास समोर फेरतपासणी करून मिळेल.

मी कॅनमध्ये बघितलं. मन ठिकाणावर नव्हतं, दूध न ढवळताच मी तळातला नमुना घेतला होता, फॅट वरच राहिली होती. ढवळणी खालपर्यंत घातली, चार वेळा वरखाली केली, नवी बाटली भरली, परत लावली.

"सहा पॉइंट आठ."

"बघ!" तात्या म्हणाले. "आन् तू तर टाकून देत हुतीस माझ्या म्हशीला."

मी पावती फाडली. दुसरी लिहिली. पुढची किटली आली आणि माझा हात थांबला. माझ्या डोक्यात चौदाशे बारा हा आकडा उभा होता. तो एकदाच लावला होता. कुणी परत लावला नव्हता. मी तसं म्हणालेही नव्हते. भिंतीवर ते लिहिणारी मीच.

मी ढवळणी शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि निघाले.

तालुक्याच्या स्टँडसमोर यास्मिन मुजावर म्हणून एक बाई छोटी लॅब चालवायच्या. डेअरीच्या पाण्याचे नमुने त्यांच्याकडं जायचे, त्यामुळं तोंडओळख होती. मी गेले तेव्हा त्या दारातच चहा पीत उभ्या होत्या.

"शालनताई? पाणी घेऊन आलात?"

मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी चहा ठेवला, चष्मा घातला.

"हा एकच केलाय? दुसरा कुठाय?"

"दुसरा कसला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दार लोटून घेतलं. मला खुर्चीत बसवलं. स्वतः स्टुलावर बसल्या.

"ताई, हे बाळाच्या वारेचं पाणी समजा. बाळ रुजलं की रक्तात उतरतं. सुरवातीला दर दोन दिवसांनी दुप्पट होत जातं, निदान दीडपट तरी. कुणाचं जरा कमी, कुणाचं जास्त. एका आकड्यावरून कुणाचंच काही सांगता येत नाही. दोन दिवसांनी परत बघायचं. वाढतोय का, थांबलाय का, उतरतोय. तेव्हा कळतं."

"म्हणजे ढवळल्याशिवाय घेतलेला नमुना."

"काय?"

"काही नाही. आमच्यातलं आहे."

"रक्त सोमवारी दिलंत ना? आज बुधवार. बरोबर दोन दिवस झाले. आताच घेते. अकराच्या गाडीनं शहरात जाईल, सोमवारचंही तिथंच गेलं होतं, मशीन तेच. उद्या चारला आकडा येईल."

त्यांनी रक्त घेतलं. कापूस दाबून धरायला लावला. मग नळीवर माझं नाव लिहिता लिहिता सहज विचारलं, "ताई, नागपंचमीनंतर मध्ये काही गेलं होतं का? पाळीसारखं? गोळ्याबिळ्या काही घेतल्या होत्या?"

मॅडम, हाच तो प्रश्न. दार लावून, मला एकटीला. तुमच्याकडं दोन दिवसांत कुणी विचारला नाही. तिनं विचारला, आणि पाच आठवडे गळ्यात अडकलेलं सगळं बाहेर आलं.

गौरीत पाळी येऊ नये म्हणून आमच्या आळीतल्या निम्म्या बाया गोळ्या घेतात. मेडिकलवाला नाव न विचारता देतो. ह्या साली माझी तारीख गौरीवरच येत होती, तर आत्याबाईंनी स्वतःच पाकीट आणून फडताळात ठेवलं होतं. ते औषध आहे असं आमच्यात कुणाला वाटत नाही. ते गौरीचं सामान आहे, हळदकुंकवासारखं. म्हणून तुम्ही 'नियमित येते?' विचारलंत तेव्हा आत्याबाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी घड्याळावाणीच होतं.

गौरी जेवल्या त्या दिवशी आत्याबाईंनी गौरीच्या ओटीतला नारळ माझ्या ओटीत घातला. आमच्या घरची रीत आहे. मूल नसलेल्या सुनेनं तो नारळ देव्हाऱ्यात ठेवायचा आणि नऊ दिवस त्याच्यापुढं स्वतः दिवा लावायचा. शिवताशिवत होता कामा नये. ओटी भरताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही शेवटची गौर, शालन. ह्या बारीला न्हाय पावली तर मी उत्तमचं दुसरं बघनार. तुझ्या वन्संनी पोरगी बघून ठिवलीया."

गौरी बोळवल्या. गोळ्या थांबवल्या. तिसऱ्या दिवशी मला पाळी आली.

मी कुणाला सांगितलं नाही. फडकी गोठ्यामागं धुतली, कडब्याच्या पेंढीवर वाळवली. त्याच हातानं देव्हाऱ्यात दिवा लावत राहिले. सगळे नऊ दिवस. आत्याबाई रोज माझ्याकडं बघायच्या, बोटं मोजायच्या. सून बाहेर बसली नाही, सून बाहेर बसली नाही, असं त्यांनी मनात धरलं, मग शेजारणीला सांगितलं, मग माझ्या नणंदेला कळवलं की ती पोरगी नको बघूस. मी रोज म्हणायचे, उद्या सांगते. आणि दसरा झाल्यावर मेडिकलमधून पट्टी आणून बघितली तर खरोखरच दोन रेघा. मी मोरीत उभी राहून हसले, मॅडम. मला वाटलं, माझं खोटं गौराईनं खरं केलं. आता सांगायची गरजच राहिली नाही.

यास्मिनताई बोटांवर मोजत होत्या. परत मोजलं.

"मग तुम्हाला दहा आठवडे नाहीत. सोमवारी पाच झाले होते."

"पण ती गोळीची पाळी. ती कुठं धरतात?"

"तीच धरायची असते, ताई. ती तुमची शेवटची." त्यांनी रिपोर्ट परत हातात घेतला. "पाच आठवड्यांना चौदाशे..." आणि थांबल्या.

"चौदाशे काय?"

"मी डॉक्टर नाही, मी बोलू नये. पण पाच आठवड्यांना पिशवी एवढीशीच दिसते. ठोका दिसायची वेळच आलेली नसते. उद्या चारपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. आकडा वाढला म्हणजे सगळं चांगलंच होईल असंही मी म्हणत नाही, पुष्कळदा पुढं जाऊनही थांबतं. पण आधी कळू तरी दे. आणि मॅडमना खरी तारीख सांगा. आजच."

मी तडक तुमच्याकडं आले. तुम्ही ऑपरेशनला होता. सिस्टर म्हणाली, "उद्या येणारच आहेस की, तेव्हा सांग." मी तिच्या हातात चिठ्ठी देऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, "हितं काय पोस्टाफीस हाय?"

गुरुवार. सकाळी साडेदहा. उत्तमनं सही केली होती. आत्याबाई रात्रीपासून जेवल्या नव्हत्या, माझ्याबरोबर उपाशी आल्या होत्या. मला हिरवा गाऊन घातला. टेबलावर झोपवलं. आत्याबाईंना बाहेर थांबायला सांगितलं तर त्या ऐकेनात. "माझी पोर भ्याली हाय," म्हणाल्या, आणि माझा हात धरून उशाला उभ्या राहिल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा मला पोर म्हणाल्या.

तुम्ही आलात. हातमोजे चढवत होता.

"मॅडम," मी म्हणाले, "चार वाजेपर्यंत थांबा."

"का?"

"रक्त परत दिलंय. चारला आकडा येणार आहे."

"कुणी सांगितलं परत द्यायला?"

"स्टँडजवळच्या लॅबवाल्या ताईंनी."

"हं. आता लॅबवाल्या पेशंट बघायला लागल्या." सिस्टर हसली. "अहो बाई, सोनोग्राफी मी स्वतः केलीय. दहा आठवड्यांत काही नाही म्हणजे काही नाही."

"दहा नाहीत, मॅडम."

"मग किती आहेत?"

तुम्ही विचारलंत. हे मी मान्य करते. तुम्ही तेव्हा विचारलंत, आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलंत. घड्याळात दहा चाळीस झाले होते. माझ्या जिभेवर होतं. गौरी बोळवल्यावर तिसऱ्या दिवशी आली, एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द.

आत्याबाईंचा हात माझ्या हातात होता. त्या माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. त्यांच्या गळ्यात गौरीचा दोरा होता, माझ्याही होता. मी त्या पाच शब्दांनी काय म्हणणार होते ते मला दिसत होतं. आत्याबाई, मी विटाळाच्या हातानं तुमच्या गौरीपुढं दिवा लावला. पाच आठवडे तुम्हाला फसवलं. आता दुसरी बघा.

"मला नक्की आठवत नाही," मी म्हणाले.

"आज्जींना आठवतंय की," तुम्ही म्हणालात. "काय हो, नागपंचमी ना?"

"नागपंचमीच्या दोन दिस आधी," आत्याबाई म्हणाल्या.

"हं. भीती वाटते, तारखा सगळ्याच जणी शेवटच्या घटकेला बदलतात. मोठा श्वास घ्या."

सुई टोचली. मी 'थांबा' म्हणाले. हे मी म्हणाले, मॅडम. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना माझाच आवाज मला लांबून ऐकू आला.

शुद्धीवर आले तेव्हा भिंतीवर दोन वाजले होते. पोटात पेटल्यासारखं होत होतं. उत्तम औषधं आणायला गेला होता. आत्याबाईंनी बिस्कीट पाण्यात बुडवून माझ्या तोंडाला लावलं. मी खाल्लं. पावणेचारला मी उठून बसले.

"कुठं निघालीस?"

"स्टँडवर. एक कागद आणायचाय."

"खुळी झालीस व्हय? रगत जातंय तुझं."

मी चालायला लागले. त्या मागं आल्या. रस्ता ओलांडायला त्यांनी माझी बखोट धरली. आम्ही दोघी कशा चाललो असू, देव जाणे. रिक्षावाले बघत होते.

यास्मिनताईंनी मला बघितलं, माझ्या अंगावरच्या शालीकडं बघितलं, आणि टेबलावरचा कागद उलटा केला.

"चारपर्यंत थांबा म्हणाले होते ना मी?"

"दाखवा."

"ताई, नका बघू आता."

"मी फॅट काढते, यास्मिनताई. मला आकडा वाचता येतो. दाखवा."

त्यांनी कागद सरळ केला. तीन हजार दोनशे साठ.

दुपटीच्या वर.

मी रडले नाही. कागद घेतला आणि परत तुमच्याकडं आले. जिना चढता येईना, तर बसून बसून चढले. तुमची बाहेरगावची बॅग टेबलाजवळ भरलेली होती. मी कागद समोर ठेवला. तुम्ही वाचलात. दोनदा वाचलात, ते मी बघितलं. मग तुम्ही चकती हातात घेतलीत आणि न फिरवता खाली ठेवलीत.

"शेवटची पाळी कधी होती तुमची?"

आता सांगायला काही अडचण नव्हती. आत्याबाई शेजारी उभ्या होत्या, तरी सांगितलं. गोळ्या, गौरी, तिसरा दिवस.

"मग ही तारीख तुम्ही आधी सांगायची," तुम्ही म्हणालात. "चुकीची माहिती दिलीत तुम्ही. आम्ही काय देव आहोत? आणि डाग जात होता, कदाचित टिकलंही नसतं."

तुम्ही बॅगेची चेन लावलीत. सिस्टरनं आम्हाला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर आत्याबाई बसल्या. दोऱ्याची गाठ बोटांनी चाचपत होत्या. उत्तम औषधांची पिशवी घेऊन आला, आमची तोंडं बघून लांबच उभा राहिला.

"मला सांगायचं हुतंस," आत्याबाई म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"व्हय. मला. मी काय खाल्लं असतं तुला?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. नाही म्हणाल्या नाहीत. मग उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल. घरला जाऊ." घरी गेल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातला नारळ काढला आणि परसात पुरला. गौरी त्या पुढंही बसवत राहिल्या, पण गोळ्यांचं पाकीट आमच्या घरात पुन्हा आलं नाही. ज्या साली मी बाहेर बसले त्या साली पुरण त्यांनी एकटीनं वाटलं. दुसरी पोरगी बघायचं कुणी काढलं नाही. त्या गेल्या, त्याला आता तीन वर्षं झाली. त्यांचा आणि माझा हिशेब आम्ही दोघींनी मिटवला, जसा जमला तसा.

तुमचा राहिलाय.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. ती आता चौथीत आहे. लोक म्हणतात, झालं ना बाई, आहे ना पदरात एक, आता कशाला उकरतेस? यास्मिनताईही म्हणतात, सोडून द्या. त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की आकडा वाढला म्हणजे मूल झालंच असं नाही. मला कळतं ते. टिकलं असतं असं मी म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात आपोआप गेलंही असतं. गेलं असतं तर मी रडले असते आणि गप बसले असते. पण ते गेलं नाही, मॅडम. ते वाढत होतं आणि तुम्ही काढलंत.

मी तारीख लपवली. पाच शब्द बोलायचे होते, बोलले नाही. ती माझी चूक, आणि ती मी वर सगळी लिहून दिलीय. कुणी विचारलं तर अजून एकदा लिहून देईन. कुणापुढं लपले, कशाला भ्याले, तेही सांगितलं.

आज सकाळी खाशाबा तात्यांचा नातू किटली घेऊन आला होता. चार लिटर दूध. सहा एक फॅट लागली. "परत लावा, काकू," म्हणाला. मी परत लावली. परत सहा एकच आली. तो गेला. एक मिनिट लागलं.

चार लिटर दुधाला आम्ही एक मिनिट देतो. इथं तर रक्त आधीच शहरात गेलेलं होतं. आकडा निघालेला होता, वाटेवर होता. टेबलावरची बाई तोंडानं सांगत होती, चार वाजेपर्यंत थांबा. पाच तास वीस मिनिटं. तिनं का सांगितलं ते तिला सांगता आलं नाही, कारण तिची सासू उशाला उभी होती. तिला बाहेर काढणं तुमच्या हातात होतं, माझ्या नव्हतं.

माझं उत्तर मी दिलं. आता तुम्ही द्या.

तो आकडा तुम्ही परत का लावला नाहीत?